केजीची १ सप्टेंबरची तारीख आली कुठून?

अमेरिकेत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या पोरांच्या आईबापांना केजीच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या किंडरगार्टनच्या, अ‍ॅडमिशनचं भलतंच टेन्शन असतं. बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत ५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे ३१ ऑगस्टचं पोर वर्गात सगळ्यात लहान आणि ३ सप्टेंबरचं पोर अख्खं वर्ष थांबून पुढच्या बॅचमध्ये सगळ्यात मोठं, दोघांत फरक किती तर तीन दिवस.

गंमत म्हणजे ज्यानं किंडरगार्टन सुरू केलं त्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेलच्या डोक्यात असली कटऑफ नव्हतीच. १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्गला त्यानं छोट्यांसाठी संस्था काढली, १८४० मध्ये तिला किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. साधारण ३ ते ७ वर्षांची पोरं, लाकडी ठोकळे, लोकरीचे चेंडू, गाणी, खरोखरचं बागकाम. अक्षरं गिरवायची भानगडच नाही, मग पोर तयार आहे का हे तपासणार तरी कशासाठी? प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारनं १८५१ मध्ये या बागांवर बंदी घातली (नास्तिकपणा शिकवतात म्हणे!), ती १८६० मध्ये उठली, पण तोवर ही कल्पना जर्मन लोकांबरोबर अमेरिकेत पोचली होती. १८५६ मध्ये मार्गारेट शुर्झनं विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठी असा वर्ग चालू केला.

खरा बदल झाला तो बाग सरकारी शाळेत शिरली तेव्हा. १८७३ मध्ये सेंट लुईसला सुझन ब्लोनं सरकारी शाळेत किंडरगार्टन सुरू केलं आणि तिथल्या सरकारी शाळांचे प्रमुख (सुपरिंटेंडेंट) विल्यम टॉरी हॅरिस तिच्या पाठीशी उभे राहिले, कारण त्यांचं साधं गणित होतं, गरीब वस्तीतली पोरं दहाव्या वर्षीच शाळा सोडून कामाला लागतात, तर लवकर आणली की निदान दोन-तीन वर्षं जास्त मिळतील. म्हणजे तेव्हा चिंता उशिरा येण्याची होती, लवकर येण्याची नाही! पण शाळा म्हटली की इयत्ता, पटसंख्या, रजिस्टर आलंच, आणि रजिस्टरला तारीख लागते. पोराच्या वाढीशी तिचा संबंध तसा कमीच, ती हिशोबाची सोय.

पोर शाळेसाठी तयार आहे का, हा तयारी शब्द नंतर चिकटला. येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल मुलांचं बारकाईनं निरीक्षण करायचे, त्यांचं म्हणणं होतं की वाढ आपल्या वेळेनं होते, ओढून लवकर होत नाही. त्यातूनच पुढे वर्तुळ काढ, चौकोन काढ, अर्धवट माणसाचं चित्र पूर्ण कर, अशा टेस्ट शाळांत आल्या आणि त्यावरून पोराला एक वर्ष थांबवा असं सांगायला लागले. १९८० च्या दशकात तज्ज्ञांनीच यावर टीका केली की एवढ्याशा टेस्टवर एवढा मोठा निर्णय घेणं बरोबर नाही. मला तरी ते पटतं, त्या वयात सकाळचं पोर आणि दुपारचं पोर एकच असेल याची गॅरंटी नाही.

त्याच सुमारास केजीत पहिलीचा अभ्यास सरकत आला, आणि अभ्यास वाढला तशी तारीख मागे गेली. कॅलिफोर्नियात २ डिसेंबर होती, २०१० च्या कायद्यानं ती टप्प्याटप्प्यानं २०१४ पर्यंत १ सप्टेंबरवर आणली, मधे अडकलेल्या पोरांसाठी ट्रान्झिशनल किंडरगार्टन नावाचं वेगळं वर्ष काढलं. बाकी आईबापांनी आपणहून थांबवणं म्हणजे रेडशर्टिंग, हा शब्द कॉलेजच्या खेळांतला, प्लेअर टीमबरोबर प्रॅक्टिस करतो पण एक सीझन मॅच खेळत नाही, म्हणजे पुढे एक वर्ष जास्त मिळतं.

पण तारीख कुठेही सरकवा, कुणीतरी सगळ्यात लहान राहणारच. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला, १ सप्टेंबरची कटऑफ असलेल्या राज्यांत ऑगस्टच्या मुलांना सप्टेंबरच्या मुलांपेक्षा एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) निदान ३४ टक्के जास्त, आणि जिथे ही कटऑफ नाही तिथे असा फरक दिसला नाही. म्हणजे काही पोरं फक्त वर्गात लहान होती म्हणून आजारी ठरली की काय!

तरी राज्यं त्याच तारखेकडे चाललीयत. कनेटिकटनं २०२४ मध्ये १ जानेवारी सोडून १ सप्टेंबर घेतली, फक्त एक खिडकी उघडी ठेवली, पालकांनी लेखी अर्ज करायचा आणि मग प्रिन्सिपल नि शिक्षक त्या एका पोराला बघून ठरवणार.