युनिट नेमकं कुठे मोजायचं? वीज करारातल्या मोजणीची पार्श्वभूमी

वीज खरेदी करार हातात आला की बहुतेक जण आधी दर बघतात. मी व्याख्यांचं पान उघडतो. 'पुरवलेली वीज' कशाला म्हणायचं, ती कोणत्या मीटरवर मोजायची, 'क्षमता' कोणती धरायची, हे तिथे ठरतं आणि दराला अर्थ येतो तो त्यानंतरच. या व्याख्या जवळजवळ दीडशे वर्षांत थरावर थर चढत आजच्या रूपाला आल्या आहेत.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं. एडिसनने ग्राहकांसाठी जो मीटर बनवला, त्याला ना काटा होता ना आकडे. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या बुडवलेल्या असत. ग्राहकाच्या प्रवाहाचा अगदी लहान, ठरावीक हिस्सा त्यातून जाई आणि एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसे. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, त्या तराजूत तोलल्या जात आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक दिवा लावायची सोय होती! जितका प्रवाह जितका वेळ वाहील तितकं जस्त सरकतं, या फॅराडेच्या नियमाप्रमाणे हा हिशेब पक्का होता. पण ग्राहकाला तो स्वतः पडताळता येत नव्हता. शिवाय हा मीटर ऊर्जा मोजतच नव्हता, किती प्रवाह किती वेळ वाहिला एवढंच मोजत होता. विजेचा दाब (व्होल्टेज) स्थिर आहे असं कंपनी आणि ग्राहक या दोघांनी गृहीत धरलेलं असायचं.

त्याच वर्षी विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककाला 'वॉट' हे नाव सुचवलं. ब्रिटनमध्ये १,००० वॉट-तासांना 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणू लागले. किलोवॉट-तासाला नुसतं 'युनिट' म्हणायची सवय आजही टिकून आहे. १८८८ मध्ये अमेरिकेच्या शॅलेनबर्गर यांनी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी (एसी) मीटर बनवला, पण तोही प्रवाहच मोजायचा. १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांचा आणि अमेरिकेच्या एलिहू थॉमसन यांचा, असे खरोखर वॉट-तास मोजणारे मीटर आले. दाब आणि प्रवाह या दोन्हींचा परिणाम एका फिरत्या भागावर होऊ लागला. विकली जाणारी वस्तू ऊर्जा आहे, हे मीटरने तेव्हा मान्य केलं.

माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण १८९२ सालचं आहे. ब्रिटिश अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी वीजपुरवठ्याच्या खर्चावर भाषण दिलं आणि सांगितलं की खर्चाचा मोठा भाग वीज बनवण्यात नाही, मागितली की देता यावी म्हणून सज्ज राहण्यात जातो. दोन ग्राहक घ्या. दोघेही दिवसाला २४ युनिट वापरतात. एक जण ती दोन तासांत वापरतो, दुसरा चोवीस तासांत सारखी पसरून. पहिल्यासाठी १२ किलोवॉटची यंत्रणा राखून ठेवावी लागते, दुसऱ्यासाठी १ किलोवॉटची. युनिट सारखी असली तरी खर्च सारखा नाही. दर दोन भागांत फोडायची रीत इथून आली: एक भाग क्षमतेचा, एक ऊर्जेचा. इंग्लंडमधल्या ब्रायटनचे आर्थर राइट यांनी कमाल मागणी नोंदवणारं उपकरण बनवलं आणि ही कल्पना बिलात उतरवता आली.

पुढे हीच विभागणी खरेदी करारांत आली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने वीज कंपन्यांना लहान आणि सहनिर्मिती (वीज आणि उष्णता एकत्र) करणाऱ्या उत्पादकांकडून वीज घेणं बंधनकारक केलं. दर ठरायचा तो कंपनीचा जो खर्च वाचला त्यावरून. वाचलेल्या खर्चात इंधन आलं, तसंच न उभारावं लागलेलं केंद्रही आलं. बाहेरच्या उत्पादकाकडून दीर्घ मुदतीने वीज घ्यायची म्हटल्यावर 'उत्पादन' हा शब्द मोघम ठेवून चालेना.

जनरेटरच्या टोकाला १०० मेगावॉट दिसले तरी ते सगळे बाहेर जात नाहीत. कोळशाच्या केंद्रात पाण्याचे पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या साधारण ६ ते १० टक्के वीज स्वतःच खातात. जलविद्युत केंद्रात हा वापर फारच कमी. म्हणून करार ढोबळ आणि निव्वळ उत्पादन वेगळं करतो आणि सुपूर्दगीचा बिंदू, म्हणजे वीज खरेदीदाराच्या ताब्यात जाते ती जागा, ठरवतो: केंद्राचा बसबार (जिथे सगळी वीज एकत्र येऊन बाहेर पडते ती धातूची पट्टी), की वाहिनीच्या पलीकडचं उपकेंद्र? मीटर एका जागी आणि विक्रीचा बिंदू दुसऱ्या जागी असेल, तर मधल्या ट्रान्सफॉर्मरची आणि तारांची घट कुणाच्या माथी, याचं सूत्र लिहावं लागतं. महिन्याच्या मीटर नोंदीला दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी हजर असतात. मुख्य मीटर वाचला जातो, शेजारचा पडताळणी मीटर वाचला जातो, सीलचे क्रमांक जुळवले जातात आणि मग सह्या होतात. दोन मीटरमधला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर कोणता आकडा धरायचा, हे आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर भांडण ठरलेलं.

क्षमतेचंही तसंच. गॅस टर्बाइनची क्षमता १५ अंश सेल्सियस आणि समुद्रसपाटी धरून सांगतात. हवा तापली की ती उतरते. सौर पॅनेलची क्षमता प्रति चौरस मीटर १,००० वॉट प्रकाश आणि २५ अंश तापमानाला मोजलेली असते, तर ग्रिडला मिळतं ते इन्व्हर्टरमधून निघालेलं. करारात नुसतं 'मेगावॉट' लिहिलं तर दोन पक्ष दोन वेगळ्या गोष्टी मनात धरून सही करतात. केंद्र सज्ज असूनही खरेदीदाराने वीज उचलली नाही, तर काही करार ती 'निर्माण झालेली' मानतात आणि मोबदला देतात.

शेवटचा थर वेळेचा. १९९० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये वीजबाजार सुरू झाला तेव्हा हिशेब अर्ध्या तासाच्या खंडांत होऊ लागला. पहाटेचं युनिट आणि संध्याकाळचं युनिट आता वेगवेगळा माल ठरतो. बॅटरीच्या करारांत तर वीज दोन्ही दिशांनी मोजावी लागते: आत किती गेली, बाहेर किती आली. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराची हमी विक्रेता देतो आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची वीज त्या मोजणीत धरायची की नाही, यावर सध्या वाटाघाटीत बराच वेळ जातो.