शिल्लक लिहायची नाही, काढायची

भिवंडीतल्या औषधांच्या गोदामात एका गोळीच्या ५०० पेट्या आहेत, हे संगणकात कसे ठेवाल? सहज सुचते ते असे: गोळीचे नाव, पुढे ५००. माल आला की आकडा वाढवा, गेला की घटवा. पण प्रत्यक्ष मोजणीत ४८८ पेट्या भरल्या, तर बारा कधी आणि कुठे गेल्या हे सांगणारे काहीच उरत नाही. प्रत्येक नव्या आकड्याने जुना पुसलेला असतो.

म्हणून अशा डेटाबेसचा कणा हालचालींचा तक्ता असावा, असे माझे ठाम मत आहे. कोणती बॅच (म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत तयार झालेला माल), कुठून कुठे, किती, केव्हा, कोणी हलवली. रोजकीर्दीसारखीच शिस्त: लिहिलेले खोडायचे नाही, चुकले तर उलटी नोंद टाकायची. शिल्लक म्हणजे या नोंदींची बेरीज. लाखो नोंदी दर वेळी बेरजेला घेणे परवडत नाही, म्हणून चालू शिल्लक वेगळ्या तक्त्यात जपतात. वाद झालाच तर खरी मानायची ती हालचालींची नोंद.

या जपलेल्या शिलकेचा आणखी एक मोठा उपयोग आहे. शेवटची पेटी उरली असताना दोन कारकून एकाच क्षणी पडदा पाहतात. दोघांनाही १ दिसतो आणि दोघेही ऑर्डर घेतात. हे टाळण्यासाठी शिल्लक तपासणे आणि जावक लिहिणे ही दोन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्ण होईल नाहीतर मुळीच होणार नाही अशा एका गाठोड्यात, बांधतात व शिलकेच्या त्या ओळीला लॉक लावतात. पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसरा थांबतो, मग त्याला शून्य दिसते. मध्येच वीज गेली तर अर्धवट काम रद्द होते.

माहिती तक्त्यांत मांडून तक्ते समान मूल्यांनी जोडायची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडली. गोदामात तिचे मोल कळते ते बॅचपाशी. मुदत गोळीच्या नावाला नसते, बॅचला असते. म्हणून औषधाचा तक्ता वेगळा, बॅचचा वेगळा. उशिरा आलेल्या बॅचची मुदत कधी आधी संपते, त्यामुळे औषधांत ‘आधी आला तो आधी बाहेर’ एवढे पुरत नाही. ज्याची मुदत आधी संपते, तो माल आधी निघायला हवा. आणि एखादी बॅच सदोष ठरली, तर ती कोणत्या दुकानांत पोचली याची यादी हालचालींच्या तक्त्यातून एका प्रश्नात मिळते.