घड्याळातला मायक्रोअँपिअर आणि ज्युराचा वादग्रस्त इतिहास

अत्यल्प विजेवर चालणाऱ्या चिपच्या अभियांत्रिकीचा इतिहास बहुधा १९९२ पासून सांगितला जातो. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या अनंत चंद्रकासन, सॅम्युएल शेंग आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे व्होल्टेज उतरवावे आणि त्यामुळे घटणारा वेग समांतर मांडणीने भरून काढावा, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या निबंधाचे महत्त्व वादातीत आहे. परंतु या विद्येचा उगम त्यात शोधणे चूक ठरेल, कारण मायक्रोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांशाचा, हिशेब त्याआधी तीस वर्षे स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल गावात सुरू झाला होता आणि त्यामागे संगणक नव्हता, मनगटी घड्याळ होते.

ज्या प्रदेशात हे घडले त्याची ओळख आधी करून घ्यावी लागते. फ्रान्सच्या सीमेलगत पसरलेल्या ज्युरा पर्वतरांगेत घड्याळांचा धंदा अठराव्या शतकापासून घरोघरी रुजला, पण या पट्ट्याचे राजकीय चित्र कधीच एकसंध नव्हते. न्यूशातेल १७०७ पासून प्रशियाच्या राजाच्या ताब्यातील संस्थान होते. १८१४-१५ नंतर ते एकाच वेळी प्रशियाचे संस्थान आणि स्विस संघराज्याचा कँटन (घटक राज्य) असे दुहेरी जीवन जगत राहिले. १ मार्च १८४८ रोजी ला शो-द-फाँ आणि ल लोक्ल या डोंगरातल्या घड्याळगावांतून उतरलेल्या प्रजासत्ताकवाद्यांनी किल्ला घेतला. १८५६ चा राजनिष्ठांचा उठाव फसला आणि पुढच्या वर्षी प्रशियाने हक्क सोडला. त्यानंतर लगेचच, १८५८ मध्ये, नव्या प्रजासत्ताकाने वेधशाळा उभारली आणि घड्याळांच्या अचूकतेच्या तिच्या स्पर्धा पुढे जगभर प्रमाण मानल्या गेल्या. शेजारचा उत्तरेकडील ज्युरा मात्र बाझेलच्या धर्मगुरू-राजाचा प्रदेश होता आणि १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने तो बर्न कँटनला जोडून दिला. फ्रेंच बोलणाऱ्या या प्रदेशाची जर्मनभाषक बर्नखालची अस्वस्थता दीडशे वर्षे टिकली.

स्विस घड्याळ उद्योगाला पहिला धक्का जपानने दिला नाही. माक्स हेटझेल या स्विस अभियंत्याने अमेरिकी बुलोवा कंपनीसाठी बनवलेले अ‍ॅक्युट्रॉन १९६० मध्ये बाजारात आले. त्यात केसासारख्या नाजूक स्प्रिंगच्या आणि बॅलन्स चाकाच्या जागी, एका ट्रान्झिस्टरने चालणारा, सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा ध्वनिकाटा (ट्यूनिंग फोर्क) होता. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारे घड्याळ कारखानदार त्यामुळे एकत्र आले आणि १९६२ मध्ये न्यूशातेलला त्यांनी इलेक्ट्रॉनिक घड्याळ केंद्र स्थापन केले.

या केंद्रापुढची अडचण आकड्यांत मांडली की स्पष्ट होते. बटणाएवढ्या बॅटरीत साधारण ३५ मिलिअँपिअर-तास वीज मावते. घड्याळाने सरासरी एक मायक्रोअँपिअर घेतला तर ती ३५ हजार तास, म्हणजे सुमारे चार वर्षे पुरते. दहा मायक्रोअँपिअर घेतले तर पाच महिन्यांच्या आत संपते. आणि या एवढ्याशा विजेत तीन कामे करायची असतात: क्वार्ट्झचा स्फटिक कंप पावत ठेवणे, त्याची कंपने पुन्हा पुन्हा निम्मी करत काट्याच्या गतीपर्यंत आणणे, आणि काटा हलवणे. केंद्राचे ‘बेटा १’ हे प्रारूप १९६७ मध्ये चालू झाले. त्याच वर्षी वेधशाळेच्या स्पर्धेत पहिले दहा क्रमांक केंद्राच्या घड्याळांनी पटकावले आणि जपानच्या सीकोची क्वार्ट्झ घड्याळे त्यांच्यामागे राहिली. बाजारात आलेल्या ‘बेटा २१’ मध्ये स्फटिक सेकंदाला ८,१९२ कंपने करी आणि पाच टप्प्यांचा विभाजक ती २५६ वर आणी. पाचच टप्पे असण्याचे कारण असे, की तेव्हाच्या बायपोलर या जुन्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक टप्प्यात, तो काही करो वा न करो, वीज वाहतच राही.

यातून सुटण्याची वाट अमेरिकेत निघाली होती. फेअरचाइल्ड या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या फ्रँक वॉनलस आणि सी. टी. सा यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सीमॉस रचनेत दोन प्रकारचे ट्रान्झिस्टर जोडीने बसवतात. एक उघडा असतो तेव्हा दुसरा बंद असतो, त्यामुळे स्थिती बदलण्याच्या क्षणाखेरीज वीज जवळजवळ लागतच नाही. विभाजकासाठी ही रचना वरदान ठरली. दर टप्प्याला कंपने निम्मी होत असल्याने सगळे टप्पे मिळून पहिल्या टप्प्याच्या जेमतेम दुप्पट वीज घेतात, म्हणजे टप्पे वाढवणे जवळजवळ फुकट पडते. आजच्या घड्याळातला ३२,७६८ हा आकडा, म्हणजे दोनचा पंधरावा घात, त्यामुळेच परवडतो. फेअरचाइल्डच्या संस्थापकांपैकी एक, जिनिव्हात जन्मलेले जाँ हर्नी यांनी १९६७ मध्ये इंटरसिल कंपनी काढली, तेव्हा घड्याळांसाठीची सीमॉस हे तिच्या पहिल्या उद्दिष्टांत होते.

न्यूशातेलचे खरे योगदान मात्र याच्या पुढचे आहे, आणि माझ्या मते ते बेटा घड्याळापेक्षाही मोठे आहे. मॉस ट्रान्झिस्टर (सीमॉसमध्ये जोडीने बसवतात तो प्रकार) ठरावीक व्होल्टेजच्या वर गेल्यावर ‘चालू’ होतो, असे पाठ्यपुस्तके सांगत. त्याखाली जो क्षीण प्रवाह झिरपतो तो गळती म्हणून दुर्लक्षिला जाई. केंद्रातील एरिक व्हितो आणि जाँ फेलराथ यांनी या गळतीलाच कामाला लावले. त्या क्षेत्रात प्रवाह व्होल्टेजप्रमाणे घातांकी नियमाने, म्हणजे बायपोलर ट्रान्झिस्टरसारखाच, पण त्याची सतत लागणारी भूक टाळून बदलतो, आणि त्यावर स्फटिकाचा दोलक (कंपने चालू ठेवणारा परिपथ) किंवा प्रवर्धक (क्षीण संकेत मोठा करणारा परिपथ) मायक्रोअँपिअरच्या काही अंशावर उभा करता येतो, हे त्यांच्या १९७७ च्या निबंधाने जगासमोर आणले. त्याआधी, १९७२ मध्ये, स्टॅनफर्डच्या स्वॉनसन आणि माइंडल यांनी असे परिपथ एक पंचमांश व्होल्टच्या आसपासही चालतील असा हिशेब मांडला होता. पुढे अमेरिकी अभियंते कार्व्हर मीड यांनी मेंदूची नक्कल करणाऱ्या चिपसाठी हेच क्षेत्र निवडले, आणि एन्झ, क्रुमेनाखर व व्हितो यांचे १९९५ चे गणिती प्रारूप तिघांच्या आद्याक्षरांनी, ‘ईकेव्ही’ म्हणून, आजही शिकवले जाते.

मग एवढे सगळे हाती असताना १९७० साली सुमारे ९० हजार माणसांना काम देणारा हा उद्योग १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिसऱ्या हिश्शावर कसा आला? वादाला तोंड इथे फुटते. सर्वपरिचित उत्तर असे, की स्विसांनी क्वार्ट्झ शोधले, पण अहंकारापायी ते कपाटात ठेवले आणि सीकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी अ‍ॅस्ट्रॉन विकायला काढून बाजी मारली. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट बोधकथेसारखी सांगितली जाते, पण तारखांना ती पटत नाही. सँ-तिमिएच्या लाँजीनने आपले अल्ट्रा-क्वार्ट्झ ऑगस्ट १९६९ मध्येच जाहीर केले होते. ‘बेटा २१’ हे घड्याळ एप्रिल १९७० मध्ये बाझेलच्या व्यापारी जत्रेत आले आणि ओमेगा, पाटेक फिलिप, रोलेक्स यांनी ते आपापल्या नावाने विकले. प्रथम कोण, याचे उत्तर प्रारूप, घोषणा की विक्री यांपैकी काय धरायचे त्यावर बदलते, आणि प्रत्येक गाव आपल्या सोयीचे धरते.

आर्थिक इतिहासकारांनी, विशेषतः ओसाकात अध्यापन करणारे स्विस इतिहासकार पिएर-इव्ह दोन्झे यांनी, प्रश्नच बदलला. त्यांच्या मांडणीनुसार जपानी कंपन्या क्वार्ट्झच्या आधीच यांत्रिक घड्याळे मोठ्या प्रमाणावर आणि एकसारखी बनवण्यात पुढे गेल्या होत्या. स्वित्झर्लंडमध्ये मात्र १९३४ पासूनच्या सरकारी परवाना-पद्धतीने शेकडो छोटे कारखाने जपून ठेवले होते. ती पद्धत १९७१ अखेर संपली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यातच स्थिर विनिमयदरांची व्यवस्था कोसळली. १९७० मध्ये एका डॉलरला चार फ्रँकहून अधिक पडत, ते १९७८ मध्ये दीड फ्रँकपर्यंत उतरले, म्हणजे तेच घड्याळ अमेरिकी गिऱ्हाइकाला जवळजवळ तिप्पट महाग झाले. मला ही मांडणी अधिक पटते, मात्र तिच्यात प्रयोगशाळेला जागा फार थोडी उरते. उलट अभियंत्यांच्या आठवणींत विनिमयदर क्वचितच येतो.

मुंबईशी या प्रदेशाचे नाते जुने आहे. ल लोक्लच्या फाव्हर-ल्यूबाची मुंबईत पेढी होती आणि ‘फेवरलुबा’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगले ठाऊक आहे. तीही कंपनी या मंदीत विकली गेली आणि अनेक हात बदलून २०११ मध्ये टाटांच्या टायटनकडे आली.

प्रदेशाचा राजकीय वाद त्याच वर्षांत निकराला आला होता. २३ जून १९७४ च्या सार्वमताने ज्युराला वेगळे होण्याचा हक्क मिळाला, पण त्यानंतरच्या मतदानांत कॅथलिक उत्तर भाग बाहेर पडला आणि प्रोटेस्टंट दक्षिण भाग बर्नमध्येच राहिला. १ जानेवारी १९७९ रोजी नवा कँटन अस्तित्वात आला. परिणामी लाँजीनचे सँ-तिमिए बर्नमध्ये आहे आणि इलेक्ट्रॉनिक केंद्र न्यूशातेल कँटनमध्ये. स्क्रू आणि पिना कातणाऱ्या यंत्रांसाठी नावाजलेले मुतिए २०२१ च्या फेरमतदानानुसार १ जानेवारी २०२६ पासून ज्युरा कँटनमध्ये गेले. ‘स्विस घड्याळ उद्योगाचा इतिहास’ असे आपण म्हणतो तेव्हा तो तीन सरकारांच्या दप्तरांत विखुरलेला असतो.

ऱ्हासाच्या कथेत एक गोष्ट सहसा येत नाही. १९७५ मध्ये, मंदी ऐन भरात असताना, न्यूशातेलजवळच्या मारँ येथे घड्याळांच्या चिप बनवणारी ईएम मायक्रोइलेक्ट्रॉनिक सुरू झाली आणि ती आजही स्वॉच समूहात आहे. १९८४ मध्ये मूळ केंद्र इतर संस्थांत विलीन होऊन सीएसईएम ही संशोधनसंस्था झाली. तिथे क्रिस्तिआन पिगे यांच्यासारख्यांनी अत्यल्प विजेवर चालणाऱ्या प्रक्रियकांचे काम पुढे नेले. नोकऱ्यांचा आलेख कोसळत असताना त्याच गावात विद्येचा आलेख चढत होता, आणि या दोहोंचा एकत्रित इतिहास लिहिण्याचे काम अजून बरेचसे बाकी आहे.