‘मग गुरुजींनाही ते लग्न लावावं लागेल’: खरंच का?

साताऱ्यातल्या घरगुती ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय: ‘समलिंगी विवाह कायदेशीर झाला, तर गुरुजींना, देवळांना ती लग्नं लावावीच लागतील.’

काळजी समजू शकते, पण नोंदणी विवाह कसा होतो ते बघा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात फलकावर लागते. ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. माझ्या मावसबहिणीचं लग्न असंच झालं: टेबल, रजिस्टर आणि कंदी पेढ्यांचा पुडा. अक्षता नाहीत, होम नाही. त्या कायद्यात गुरुजी लागतच नाहीत, मग सक्ती कुणावर?

स्वतः पडताळायचं तर कलम ४ वाचा. पुरुषाचं वय २१, स्त्रीचं १८. समलिंगी जोडप्यांची वाट अडते ती या दोन शब्दांपाशी. आणि विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, ५ व्या नोंदीत आहे. म्हणजे केंद्राबरोबर राज्यालाही त्यावर कायदा करता येतो, केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती घेऊन.

आपल्या महाराष्ट्रात समलिंगी विवाहाला मान्यता देणारा कायदा व्हावा, असं मला मनापासून वाटतं. वीस वर्षं एका घरात राहिलेल्या दोघींपैकी एक मृत्युपत्र न करता गेली, तर दुसरीला वारसाहक्क नाही.