हवा आधी, पेट्रोल मागून: सुपरचार्ज्ड गाड्यांच्या इंधनव्यवस्थेची पार्श्वभूमी

सुपरचार्ज्ड गाडी म्हणजे जिच्या इंजिनात पट्ट्यावर फिरणारा ब्लोअर हवा दाबून भरतो ती. तिची ताकद वाढवायचा विषय नाशिकमध्ये निघाला की बोलणं पुलीपाशी, म्हणजे ब्लोअर फिरवणाऱ्या चाकापाशी येऊन थांबतं. पुली लहान केली की ब्लोअर जोरात फिरतो, बूस्ट (हवेचा जादा दाब) वाढतो आणि फरक पहिल्याच चक्करमध्ये जाणवतो. टाकीपासून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंतचं काम मात्र किचकट आणि खर्चिक, शिवाय बॉनेट उघडून कुणाला दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. त्यामुळे ते पुढच्या महिन्यावर ढकललं जातं आणि इंजिनं जळतात ती याच मधल्या महिन्यात. जास्तीची हवा आली आणि तिच्या जोडीचं पेट्रोल आलं नाही की मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, नॉक म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट सुरू होतो आणि पिस्टनची कड वितळते.

हवा पुढे आणि इंधन मागे, हे दुखणं सुपरचार्जरइतकंच जुनं आहे. 1920 च्या दशकातल्या ज्या गाड्यांत ब्लोअर कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) आधी बसवलेला असे, तिथे त्यातल्या पेट्रोलच्या वाटीवर, म्हणजे फ्लोट बाउलवरही बूस्टचा दाब द्यावा लागे आणि पेट्रोल त्याहून जास्त दाबाने पाठवावं लागे. नाहीतर ऐन जोरात असताना पेट्रोल येणंच थांबायचं. बूस्ट जितका वाढेल तितकाच इंधनाचा दाब वाढला पाहिजे, हा नियम तेव्हापासूनचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांनी थेट इंजेक्शन, म्हणजे सरळ सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणं, आणलं, 1954 साली ते रस्त्यावरच्या मर्सिडीझ 300 एसएलमध्ये आलं. 1967 मध्ये युरोपात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं मोठं उत्पादन सुरू झालं आणि आजच्या चर्चेतले बहुतेक शब्द तिथून पुढचे.

त्यानंतर रुळलेली मांडणी समजून घेण्यासारखी आहे. पंप टाकीतून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) पाठवी, रेलच्या शेवटी दाब राखणारा रेग्युलेटर असे आणि उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जाई. रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातून) आलेली एक बारीक रबरी नळी जोडलेली असे. सगळी करामत त्या नळीत आहे. बूस्ट 0.7 बार (1 बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) झाला की रेलमधला दाबही 0.7 बारने वाढतो, आणि इंजेक्टरच्या आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक ठरलेल्या 3 बारवरच राहतो. इंजेक्टर जितका वेळ उघडा, तितक्या हिशेबाने पेट्रोल. इंजिनाच्या संगणकाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

मग 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात गाडी बनवणाऱ्यांनी ही रिटर्न लाइनच काढून टाकली. सुपरचार्ज्ड गाड्यांच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासात याहून वादग्रस्त निर्णय नाही. कारण पर्यावरणाचं होतं आणि ते खोटं नव्हतं. इंजिनजवळून तापून आलेलं पेट्रोल टाकीत परत गेलं की टाकी गरम होते, वाफ वाढते. अमेरिकेत 1996 पासून बाष्प-उत्सर्जनाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले, तेव्हा ही वाफ कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे पेट्रोल परतच न आणणं. नळ्या कमी, जोड कमी, खर्चही कमी. कारखान्यातून निघालेल्या, बूस्ट नसलेल्या गाडीला याचा काहीच तोटा नाही.

तोटा होतो तो नंतर सुपरचार्जर बसवणाऱ्याचा. साध्या रिटर्नलेस मांडणीत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला मॅनिफोल्डची खबर नसते. दाब कायम, पण बाहेरच्या हवेच्या तुलनेत. मॅनिफोल्डमध्ये 0.7 बार बूस्ट आला की इंजेक्टरला मिळणारा फरक 3 वरून 2.3 बारवर उतरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे चालतो, म्हणजे पेट्रोल सुमारे 12 टक्क्यांनी घटतं, आणि घटतं ते नेमकं सर्वांत जास्त लागतं त्या क्षणी. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक रिटर्नलेसचा. त्यात रेलवर सेन्सर असतो आणि संगणक पंपाचा वेग कमीजास्त करून दाबाचा फरक राखतो. 1999 च्या फोर्ड मस्टँगमध्ये तो आला. हा प्रकार हुशार आहे, पण पंपाची ताकद संपली की त्याचीही हुशारी संपते. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे गॅरेजमध्ये गोंधळ होतो आणि एका गाडीवर चाललेला उपाय दुसरीवर डोळे मिटून लावला जातो.

या निर्णयावर तीन उपाय निघाले. पहिला होता बूस्टच्या कितीतरी पट दाब चढवणारा रेग्युलेटर: जुने छोटे इंजेक्टर तसेच ठेवून त्यांच्यातून जबरदस्तीने पेट्रोल काढायचं. कमी बूस्टवर भागायचं, पण मिश्रण कुठे रिच (पेट्रोल जास्त), कुठे लीन. दुसरा, पंपाला बूस्टच्या वेळी जादा व्होल्टेज देणारा डबा. तिसरा, रिटर्न लाइन पुन्हा टाकणं आणि नळीचा रेग्युलेटर परत आणणं. दुसऱ्या उपायाचे समर्थक म्हणतात की कारखान्याच्या मांडणीला हात न लावता काम होतं, आणि माफक बूस्टपुरतं ते बरोबरच आहे. पण त्यापुढे जायचं असेल तर तिसराच खरा, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे. मापाचे मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप आणि मॅनिफोल्डशी बांधलेला दाब, या तिघांनी जे काम होतं ते व्होल्टेज चढवून होत नाही.

आकडे मांडले की हे पटतं. सुपरचार्ज्ड इंजिनाला अश्वशक्तीमागे ताशी सुमारे 0.6 पौंड पेट्रोल धरतात. 600 अश्वशक्तीला 360 पौंड, म्हणजे ताशी जवळपास 220 लिटर. आठ सिलिंडरांत वाटलं आणि इंजेक्टर 85 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं ठरवलं, तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे 550 सीसीचा इंजेक्टर लागतो. खोक्यावर 255 लिटर लिहिलेला पंप मग पुरेसा वाटतो. पण तो आकडा साधारण 3 बार आणि 13.5 व्होल्टचा असतो. दाब वाढला, जुन्या बारीक वायरीत दीड व्होल्ट गळाला, की तोच पंप बराच कमी देतो. नवा पंप टाकताना बॅटरीपासून जाड वायर आणि वेगळा रिले टाकायचा तो यासाठी.

नाशिकला या हिशेबात दोन खास गोष्टी आहेत. पहिली उंचीची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर येईल ती हवा त्याच पटीत दाबतो. इथे डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) इंजेक्टर 80 टक्के वेळ उघडा राहील अशी बसवलेली गाडी कसारा घाट उतरून मुंबईत जोरात चालवली की तोच आकडा 85 च्या पुढे जातो. दुसरी गोष्ट हातांची. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर वर्षानुवर्षं बनत आले आहेत, आणि पंप-नोझलचं काम करणारे कारागीर या शहराला नवे नाहीत. इंजेक्टर बसवण्याआधी सगळ्यांचा प्रवाह बेंचवर मोजून जुळवून घ्यायचा, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

2016 मध्ये भारतात आलेली मस्टँग जीटी रिटर्नलेस होती, पण तिचे इंजेक्टर पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेवर होते, त्यामुळे वरचे उपाय तिला लागू पडतात. जॅग्वार आणि रेंज रोव्हरच्या 5.0 लिटर सुपरचार्ज्ड व्ही8 चं तसं नाही. त्यात थेट इंजेक्शन आहे, कॅमवर चालणारा उच्च दाबाचा पंपच मर्यादा ठरवतो, आणि टाकीतला पंप कितीही मोठा केला तरी तो अडसर दूर होत नाही. कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. इंजिन बदलणाऱ्यांना हे कलम माहीत असतं, सुपरचार्जर बसवणारे ते फारसं वाचत नाहीत.

अलीकडची मोठी उलथापालथ इथेनॉलची. फेब्रुवारी 2023 मध्ये पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉल मिश्रणाची (ई20) विक्री सुरू झाली आणि 2025 पर्यंत ते देशभर पोचलं. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, ई20 ला सुमारे 13.5 पट. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे 9 टक्के जास्त इंधन. वर काढलेले 220 लिटर इथेच 235 च्या पुढे जातात. जुन्या हिशेबाने काठावर बसवलेले पंप आणि इंजेक्टर आता काठाच्या पलीकडे आहेत, आणि त्या गाड्यांची मापं पुन्हा घ्यायला हवीत. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला चालणारे आहेत का, तेही त्याच वेळी पाहावं.

याची चांगली बाजूही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकला तोंड देण्याची क्षमता) जास्त, आणि बाष्पीभवन होताना ते पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता शोषतं. ब्लोअरने तापवलेल्या हवेला नेमकं हेच हवं असतं. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या 183 पंपांवर ई100 (जवळपास निव्वळ इथेनॉल) ची विक्री सुरू झाली. ज्यांना त्या वाटेने जायचं आहे त्यांना इंधनातलं इथेनॉलचं प्रमाण ओळखणारा सेन्सर, त्यानुसार बदलणारा मॅप (संगणकातला इंधनाचा तक्ता) आणि पेट्रोलच्या दीडपट प्रवाह पेलणारे पंप, नळ्या व इंजेक्टर लागतील. पुलीला हात लावायचा तो हे सगळं बसवून, पूर्ण बूस्टवर रेलचा दाब मोजून झाल्यावर.