पत्र नवी मुंबईला, गाडी सेलूत

माझ्या मावसभावानं तीन वर्षांपूर्वी जुनी गाडी घेतली. पहिला मालक नवी मुंबईचा, मधला जालन्याचा आणि तिसरा आमचा दादा, मुक्काम सेलू, जिल्हा परभणी. गेल्या मे महिन्यात एसी थंड करीत नाही म्हणून तो गाडी घेऊन छत्रपती संभाजीनगरला आला. मीही सोबत सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं आरसी बघून चेसी नंबर कॉम्प्युटरवर टाकला, जरा थांबली आणि म्हणाली, "सर, तुमच्या गाडीचा एअरबॅगचा रिकॉल बाकी आहे. दोन पत्रं गेलीत."

"कुठं गेली पत्रं? माझ्याकडं तर काहीच न्हाई."

तिनं स्क्रीन आमच्याकडं वळवली. पत्ता नवी मुंबईचा होता. रिकॉल म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीनं गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं. डाव्या बाजूच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा भाग, बदलायचा होता. खर्च काही नाही, तीन तास लागणार होते. दादाचं मन होईना. "कामून बदलायचं? गाडी तर मस्त पळायली. एअरबॅग कधी उघडलीच न्हाई, मग बिघडली कशी?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण जगातला गाड्यांचा आजवरचा सगळ्यात मोठा रिकॉल नेमका याच प्रश्नावर उभा आहे. न वापरलेली वस्तू नुसती बसल्या जागी कशी बिघडते?

एअरबॅगमध्ये हवा भरून ठेवलेली नसते. डॅशबोर्डच्या आत कापडी पिशवी घडी घालून ठेवलेली असते आणि तिच्यामागं धातूचा एक डबा असतो, तोच इन्फ्लेटर. डब्यात रसायनाच्या दाबून केलेल्या गोळ्या किंवा चकत्या असतात. गाडी जोरात धडकली की सेन्सर ओळखतो, विजेची ठिणगी पडते, रसायन पेटतं आणि त्यातून निघालेल्या वायूनं पिशवी फुगते. हे सगळं साधारण ३० मिलिसेकंदांत उरकावं लागतं. डोळ्याची पापणी लवायला याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे एअरबॅग हा एक आवरलेला स्फोटच आहे. पिशवी उशिरा फुगली तर डोकं आधीच डॅशबोर्डवर आदळतं, आणि फार जोरात पेटलं तर डबाच फुटतो.

जळण्याचा वेग कशावर ठरतो, हे चुलीपुढं बसलेल्या माणसाला सांगायला नको. बाभळीचं खोड रात्रभर धुमसतं. तेवढ्याच वजनाच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, टाकल्या तर भसकन जाळ होतो आणि दहा मिनिटांत राख. जिन्नस लाकूडच, पण पऱ्हाटीला हवा लागायला बाजू जास्त. इन्फ्लेटरमधली गोळी घट्ट दाबलेली असते ती याचसाठी. ती बाहेरून आत, थराथरानं जळावी, खोडासारखी. तिच्यात बारीक छिद्रं पडली, भेगा गेल्या, तर जळायला एकदम कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो आणि खोडाची पऱ्हाटी होते.

टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये नेमकं हेच झालं. एअरबॅगसाठी सुरुवातीला सोडियम अझाइड वापरत. ते विषारी. मग टेट्राझोल नावाच्या वर्गातली रसायनं आली, पण ती महाग पडत. टाकाटानं अमोनियम नायट्रेट निवडलं: स्वस्त, थोडक्या जागेत भरपूर वायू देणारं. हे रसायन खतातही असतं आणि खाणीत सुरुंग लावायलाही वापरतात. त्याला दोन खोडी आहेत. पहिली, साधारण ३२ अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकाची रचना बदलते आणि आकारमानात फरक पडतो. दुसरी, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. युरियाचं पोतं पावसाळ्यात तोंड न बांधता ठेवलं तर आठ दिवसांत त्याचे खडे होतात, हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं. युरिया हे वेगळं रसायन, पण ओढ तीच.

पहिल्या खोडीवर इलाज होता. पोटॅशियमचा क्षार मिसळला की ३२ अंशांचा तो खेळ थांबवता येतो, आणि टाकाटानं तो इलाज केलाही. दुसरी खोड मात्र राहून गेली. डब्यात शिरलेला थोडासा ओलावा दिवसा उन्हात गोळीतून बाहेर पडायचा, रात्री गार झाल्यावर पुन्हा आत मुरायचा. रोज एक फेरा, वर्षाला ३६५. सहा, आठ, दहा वर्षांनी गोळी वरून तशीच दिसे, पण आतून सच्छिद्र झालेली असे. अपघात झाला की ती पेटे, दाब डब्याला सोसवेल त्यापलीकडं जाई, डबा फुटे आणि त्याचे धातूचे तुकडे पिशवी फाडून समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसत. काही अपघात तर इतके किरकोळ होते की नुसता बंपर चेपून भागलं असतं.

२००४ साली अमेरिकेत अलाबामा राज्यात एका गाडीत असा डबा फुटला, तेव्हा तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला गेला. पहिला रिकॉल २००८ साली झाला, फक्त चारेक हजार गाड्यांचा. तिथून आकडा वाढत अमेरिकेत ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरवर आणि जगभरात १० कोटींच्या घरात गेला. एकट्या अमेरिकेत २८ माणसं मेल्याची नोंद आहे. चाचण्यांचे आकडे फिरवून गाडी कंपन्यांना दिल्याचा गुन्हा टाकाटानं २०१७ साली अमेरिकेत कबूल केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही याच इन्फ्लेटरसाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. होंडाच्या एकाच रिकॉलमध्ये, जानेवारी २०१८ च्या, २२,८३४ गाड्या होत्या.

अमेरिकेनं बदलीचं काम हवामान बघून लावलं. उष्ण आणि दमट राज्यं आधी, थंड आणि कोरडी नंतर. हे ऐकून दादा खूश झाला. "म्हणजे आपल्याला काय, आपल्याकडं कुठं दमट?" मी म्हणालो, दादा, ही गाडी पहिली काही वर्षं खाडीकाठी उभी होती. शिवाय आपण कोरडे म्हणजे काही वाळवंट नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की वास येतो तो ओलाव्याचाच. आणि उन्हाचं म्हणशील तर मेमध्ये बाहेर ४२ असताना काचा बंद केलेल्या गाडीत ६० च्या वर जातं, डॅशबोर्ड त्याहून तापतो, आणि पहाटे सगळं पुन्हा गार. ऊन, ओल आणि वर्षं, तिन्ही लागतात. यातली दोन आपल्याकडं भरपूर आहेत आणि तिसरी थोडी नवी मुंबईहून आलेली असू शकते.

दादा गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे. पुढच्या सीटवर नेहमी मावशी बसते, ते त्याला आठवलं असावं.

आता एक शंका रास्त आहे. इतक्या चाचण्या करूनही दोष कारखान्यातच का सापडत नाही? टाकाटाचं उत्तर सोपं आहे: नव्या गोळीत दोष दिसतच नव्हता, तो काळ घडवत होता. पण जे दोष पहिल्या दिवसापासून असतात तेही निसटतात, आणि ते शुद्ध गणितामुळं. समजा एखादा दोष दहा हजारांत एका नगाला आहे. तुम्ही १०० नग तपासले तर ९९ टक्के शक्यता अशी की एकही सापडणार नाही. सगळं ओके म्हणून शिक्का बसतो. पण तोच भाग दोन लाख गाड्यांत गेला की रस्त्यावर २० दोषी गाड्या असतात. आणि त्या २० कोणत्या, हे कुणालाच ठाऊक नसतं.

रिकॉलमधलं अवघड काम हेच, कोणत्या ते सांगणं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या वेंडर युनिटमध्ये माझा मित्र इन्स्पेक्शनला होता. एका रात्रपाळीत पिना कडक करणाऱ्या भट्टीचा तापमान मोजणारा थर्मोकपल चुकीचं तापमान दाखवू लागला आणि पिनांचा एक लॉट मऊ राहिला. कळलं तेव्हा माल निघून गेला होता. हा गडी कानस घेऊन ग्राहक कंपनीच्या स्टोअरमध्ये बसला. कडक पिन असेल तर कानस वरून घसरते, मऊ असेल तर चावते. नंतर हार्डनेस टेस्टरवर खात्री. बिनवर, म्हणजे मालाच्या पेटीवर, लॉटचा टॅग होता म्हणून दोन रात्रींत सगळ्या मऊ पिना नापास मालाच्या लाल बिनमध्ये आल्या. "टॅग नसता," तो म्हणायचा, "तर महिन्याचा माल चिवडत बसलो असतो." वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं काम केलेल्या कुणालाही विचारा. लॉट नंबर, हीट नंबर लिहायचा कंटाळा केला म्हणून कितीजणांनी शिव्या खाल्ल्या असतील त्याला गणती नाही. तो टॅग त्या शिफ्टसाठी नसतो, पाच वर्षांनी येणाऱ्या फोनसाठी असतो.

टॅग चुकला तर काय होतं, याचं उदाहरण जनरल मोटर्सचं. शेव्हरोले कोबाल्टसारख्या काही मॉडेलांच्या इग्निशन स्विचमधला चावी जागेवर धरून ठेवणारा स्प्रिंगचा भाग कमी ताकदीचा होता. खड्ड्यात गाडी आदळली किंवा गुडघा लागला तरी चावी मागं फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगचा पुरवठाही बंद, तोही नेमका अपघात होतानाच. चावीला जड जुडगा असेल तर आणखी सोपं. (आपल्याकडचा जुडगा आठवा: घराची, गोदामाची, शटरची, वर तुळजाभवानीचं लॉकेट.) २००६ साली स्विचचा तो भाग गुपचूप सुधारला गेला, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. त्यामुळं तपास करणारे इंजिनिअर वर्षानुवर्षं चक्रावले: एकाच नंबरचा स्विच आधीच्या गाड्यांत दगा देतो आणि नंतरच्या गाड्यांत नाही, असं कसं? शेवटी जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडले तेव्हा आतला फरक दिसला. रिकॉल २०१४ साली झाला, सुमारे २६ लाख गाड्यांचा. नुकसानभरपाईच्या निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं: चावी एकटीच वापरा, जुडगा काढा.

नोंदी नीट असल्या तर हेच काम किती सुटसुटीत होतं, ते रॉयल एनफील्डच्या मे २०२१ च्या रिकॉलमध्ये दिसलं. २,३६,९६६ गाड्या, मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट, दोष इग्निशन कॉइलमध्ये. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या, एवढ्याच. त्यातल्याही दहा टक्क्यांहून कमी गाड्यांची कॉइल बदलावी लागेल असा कंपनीचा अंदाज होता. पण ते दहा टक्के कोणते, हे तपासायला सगळ्याच बोलवाव्या लागतात. पारावर मात्र एवढीच बातमी पोचते: "बुलेटमधी फॉल्ट निघाला, अडीच लाख गाड्या वापस." ज्या कंपनीचे रिकॉल जास्त ती भंगार, असं सरसकट धरणाऱ्यांशी माझं जमत नाही. वर्षानुवर्षं एकही रिकॉल न करणाऱ्या कंपनीकडं मी जास्त संशयानं बघेन.

अमेरिकेत रिकॉलचा कायदा १९६६ पासून आहे. आपल्याकडं २०१२ पासून कंपन्यांची आपखुशीची पद्धत होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०ए आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता दोष ठरला तर सरकार रिकॉलचा हुकूम देऊ शकतं, दंड १० लाखांपासून एक कोटीपर्यंत. कंपनीनं स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर दंड नाही. ही तरतूद मला शहाणपणाची वाटते. पण सक्तीच्या रिकॉलला वयाची अट आहे, गाडी सात वर्षांच्या आतली हवी. टाकाटाची गोळी मुरायला लागते तीच सहा-सात वर्षांनंतर. आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी गाडी येते तीही बहुतेक त्याच वयात, पुण्या-मुंबईत वापरून झाल्यावर. कायदा जिथं हात काढून घेतो तिथं आमची खरेदी सुरू होते.

मग उरतो चेसी नंबर. सतरा अक्षरं-आकडे, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, कारण ते एक आणि शून्याशी गल्लत करतात. भारतात बनलेल्या गाड्यांचा नंबर एम अक्षरानं सुरू होतो. वाळूजला बजाजची दुचाकी बघितली तर सुरुवात एमडी२ अशी दिसेल. मालक बदलतो, पत्ता बदलतो, फोन नंबर बदलतो, हा नंबर बदलत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकला की रिकॉल बाकी आहे का ते लगेच कळतं. जुनी गाडी घेताना आपण टायर दाबून बघतो, बोनेट उघडून ऑइल बघतो, इन्शुरन्सची तारीख विचारतो. हे मात्र कुणी बघत नाही. एजंटही नाही, आणि खरं सांगायचं तर दादासोबत गाडी बघायला गेलेला मीही नाही.

तीन तासांचे साडेचार झाले. मेकॅनिकनं जुना इन्फ्लेटर दाखवला, धातूचा डबा, वर छापलेला नंबर. दादानं तो घरी मागितला. मिळाला नाही; असे डबे मोजून, पॅक करून कंपनीला परत पाठवावे लागतात, आत रसायन जिवंत असतं. काउंटरवरच्या मुलीनं पत्ता बदलून घेतला, फोन नंबर नवा टाकला. एसीचं काम राहूनच गेलं.

गाडीत बसता बसता दादानं पाकिटातून एक चुरगळलेली झेरॉक्स काढली. मेव्हण्याच्या बुलेटची आरसी.

"याचाबी नंबर टाकून बघ बरं."