गावाच्या चर्चला नवा फादर किंवा पाळक हवा असेल तर: पत्र कुठे अडकतं, कागद कोणते लागतात

यासाठी छापील फॉर्म नाही. सेतू केंद्रात मिळत नाही, ऑनलाइन भरता येत नाही. म्हणून गावं आपल्या मनाने पत्र लिहितात: ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, सरपंचाच्या शिक्क्यासह, खाली दोनशे सह्या आणि अंगठे. वर आमदारांना प्रत. असं पत्र बिशप हाऊसच्या फाइलीत जातं आणि तिथेच राहतं. सरपंच कितीही भला माणूस असला तरी चर्चच्या नेमणुकीत त्याच्या शिक्क्याला काही किंमत नाही, आणि आमदारांच्या प्रतीने तर समोरचा माणूस आणखी आखडतो.

नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत दोन वेगळ्या वाटा आहेत, कॅथलिकांची एक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांची (म्हणजे त्यांच्या गावोगावच्या चर्चची) दुसरी. त्या एकमेकांत मिसळू नका. शेजारच्या गावाने केलं तसंच आपण करू, या हिशेबात बरीच पत्रं वाया जातात, कारण शेजारचं गाव दुसऱ्याच चर्चचं असतं.

कॅथलिक गावांसाठी

नेमणूक बिशप करतात. १९८३ च्या चर्च कायद्यातला कॅनन (म्हणजे कलम) ५२३ हेच सांगतो. गाव जाहिरात देत नाही, मुलाखत घेत नाही, मतदान तर नाहीच. खानदेश नाशिक धर्मप्रांतात (म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या अधिकाराखालच्या प्रदेशात) येतो. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या फायलीत पुण्याचा पत्ता सापडला तर त्यावर पत्र टाकू नका.

मग गावाने लिहायचं कशाला? कॅनन २१२ प्रमाणे आपली गरज धर्मगुरूंपुढे आणि बिशपपुढे मांडण्याचा हक्क भाविकांना आहे. कॅनन ५२४ प्रमाणे कोणाला कुठे नेमायचं हे ठरवताना बिशपांनी त्या भागाच्या डीनचं (आसपासच्या चर्चवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मगुरूंचं) ऐकायचं असतं, आणि गरज वाटली तर काही धर्मगुरूंचं आणि गावातल्या लोकांचंही. म्हणजे तुमचं पत्र ही मागणी कमी आणि माहिती जास्त असते. ज्या पत्रात माहिती असते त्याचा उपयोग होतो. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहिलेल्या पत्राचा होत नाही. एक प्रत डीनना नक्की द्या. बिशप त्यांनाच विचारणार, आणि त्यांना तुमचं पत्र ठाऊकच नसेल तर ते काय सांगणार?

आता पहिली अडचण, जी गावाला सहसा माहीतच नसते: तुमचं गाव धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे बिशपांनी रीतसर स्थापलेलं स्वतंत्र चर्च-केंद्र) आहे का? चर्चची इमारत आहे, घंटा आहे, दर रविवारी प्रार्थना होते, म्हणून ते धर्मग्राम ठरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याची बहुतेक गावं एखाद्या मोठ्या केंद्राची उपकेंद्रं आहेत. उपकेंद्राला स्वतंत्र धर्मगुरू नसतो, त्यामुळे तिथे जागा 'रिकामी' असूच शकत नाही. अशा गावाने 'आमची जागा तीन वर्षं रिकामी आहे' असं लिहिलं की वाचणारा तिथेच थांबतो. उपकेंद्राने मागायचं ते वेगळं: महिन्यातून किती मिस्सा (फादरांनीच करायची मुख्य उपासना), सणाला कोण येणार, धर्मशिक्षकाची नेमणूक. नवं धर्मग्राम हवं असेल तर तो बिशपांचा स्वतंत्र निर्णय असतो (कॅनन ५१५) आणि त्याआधी त्यांना धर्मगुरूंच्या परिषदेचं मत घ्यावं लागतं. एका मोसमात होणारं ते काम नाही.

आणि धर्मग्राम असलं तरी स्वतःचा फादर मिळेलच असं नाही. धर्मगुरू कमी असतील तर शेजारची दोन-तीन धर्मग्रामं एकाकडे देता येतात (कॅनन ५२६). गावाला हा अपमान वाटतो. तो अपमान नाही, टंचाई आहे.

पत्रावर सह्या पॅरिश कौन्सिलच्या हव्यात, आणि वित्त समितीच्याही. वित्त समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे असं कॅनन ५३७ सांगतो. खेड्यात ती बहुतेक वेळा कागदावरही नसते, फादर आणि एक जुना मास्तर मिळून हिशेब बघतात. ती आधी नीट करून घ्या. मग पत्रात लिहा: कुटुंबं किती, कोणत्या पाड्यांवर, रस्ता कसा, पावसाळ्यात कोणता पाडा तुटतो, शेवटचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), शेवटचं लग्न, शेवटचा अंत्यविधी कधी झाला. आकडे नोंदवहीतून घ्या, आठवणीतून नव्हे. आणि भाषा नक्की लिहा. म्हातारी माणसं पापनिवेदन मावचीत किंवा पावरीत, म्हणजे आपल्या आदिवासी बोलीत करतात. मराठी फादर समोर बसला की ती गप्प होतात आणि घरी जातात. ही खरी गरज आहे आणि बिशपांना ती कळते.

नाव मात्र लिहू नका. 'अमुक फादरच पाहिजेत' या एका ओळीने चांगली पत्रं मेली आहेत. त्या फादरांनाही त्याचा त्रास होतो, त्यांनीच गावाला उठवलं असा संशय येतो.

तसंच, सध्याच्या फादरांबद्दल तक्रार असेल तर ती याच पत्रात घालू नका. फादरांना हटवण्याची प्रक्रिया वेगळी आहे, तिचे कॅनन वेगळे (१७४० पासून पुढे), आणि ती सुरू झाली तर लांबते. दोन विषय एकाच कागदावर आले की कोणताच पुढे सरकत नाही. जागा रिकामी होण्याआधी नवा मागणंही तसंच. आधी बदलीचा आदेश निघू द्या.

उसाचा मोसम आणि रिकामं चर्च

ही गोष्ट नाशिकला बसून लक्षात येत नाही. दिवाळीनंतर नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीच्या आसपास परत येतात. या काळात डीन भेटीला आले तर चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका, लहान पोरं आणि धर्मशिक्षक. त्यांच्या वहीत उपस्थिती पडते 'पंधरा-वीस'. पुढे तोच आकडा गावाच्या गळ्यात राहतो.

म्हणून पत्रात कुटुंबनोंद जोडा आणि त्यात कोण कधी गावाबाहेर असतं तेही लिहा. भेट मागायची तर होळीनंतरची मागा. आणि हो, नाताळला गर्दी दाखवायची म्हणून शेजारच्या गावातली माणसं ट्रॅक्टरने आणू नका. डीन त्याच माणसांना दुसऱ्या गावात मोजून आलेले असतात.

जमिनीचा कागद: सगळ्यात मोठी अडचण

'फादर राहणार कुठे?' हा प्रश्न येतोच. गाव उत्साहात सांगतं, 'आमच्या काकांनी दोन गुंठे दिलेत, स्टँप पेपरवर लिहून घेतलंय.' इथे जरा थांबा.

स्थावर मालमत्तेचं दान नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, नोटरी पुरत नाही. आणि देणारे काका आदिवासी खातेदार असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ लागतं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, दान, अदलाबदल, भाडेपट्टा, कशानेही जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. चर्चचा ट्रस्ट म्हणजे आदिवासी व्यक्ती नव्हे. जमीन वनहक्काची असेल तर विषयच संपला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, दानही देता येत नाही. असा स्टँप पेपर जोडला की तो कागद गावालाच नडतो. पुढे काकांचा मुलगा भांडला तर फादरांचं सामान रस्त्यावर येतं, आणि कायदा मुलाच्या बाजूने असतो.

यावर उपाय साधा आहे. जमीन देतो असं वचन देऊ नका. सध्याचं प्रार्थनाघर कोणाच्या जागेवर उभं आहे ते खरं लिहा. एखाद्याच्या स्वतःच्या शेतात असेल तर तसं लिहा, त्यात लाज नाही. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडा. जुन्या मिशनची जागा असेल तर सातबारा काढून बघा, नाव बहुतेक वेळा गावाच्या चर्चचं नसून मिशनच्या ट्रस्टचं असतं. राहायला जागा नसेल तर 'केंद्रातून येणाऱ्या फादरांसाठी एक खोली, संडास-बाथरूमसह, प्रार्थनाघराला लागून आहे' एवढं वाक्य पुरतं. पण ती खोली खरोखर असली पाहिजे.

पैशांचंही तसंच. दरमहा अमुक हजार देऊ असा आकडा पत्रात टाकायचा आणि ऊसतोडीच्या काळात हात वर करायचे, याला फादरही कंटाळतात. ज्वारी, तांदूळ, सरपण, भाजी जे देता येतं ते लिहा. आणि परदेशातून पैसा येईल या आशेवर काही लिहू नका. एफ.सी.आर.ए. (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी देणगी घेताच येत नाही.

फादर नसताना लग्न

फादरांची बदली झाली आणि नवे आले नाहीत तर मधल्या काळात सहायक फादर किंवा बिशपांनी नेमलेला प्रशासक काम बघतो. तो कोण आहे हे आधी विचारून घ्या. कारण गावात लग्न ठरतं, पत्रिका छापल्या जातात आणि मग कोणीतरी म्हणतं, 'सीमेपलीकडे गुजरातमधल्या फादरांना बोलवू, ते आपलेच आहेत.' ते आपलेच असतील, पण दुसऱ्या धर्मप्रांताचे आहेत. तुमच्या धर्मग्रामात लग्न लावायला त्यांना तुमच्या बिशपांकडून किंवा धर्मग्रामप्रमुखांकडून अधिकार मिळालेला असावा लागतो (कॅनन ११०८ आणि ११११). तो नसेल तर चर्चच्या नजरेत ते लग्न झालेलंच नसतं. एक फोन आणि एक लेखी चिठ्ठी, एवढंच लागतं. ते न करता नंतर वर्षभर जोडप्याला फेऱ्या मारायला लावणं क्रूर आहे, आणि यात दोष जोडप्याचा नसतो.

स्नानसंस्कारासाठी इतकं अडत नाही. मूल आजारी असेल तर धर्मशिक्षकही तो देऊ शकतो. फक्त नंतर केंद्राच्या वहीत नोंद करून घ्या.

प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी

जळगावकडच्या अलायन्स मिशनच्या आणि धुळे-नंदुरबारकडच्या स्कँडिनेव्हियन व स्वीडिश मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या वेगळ्या पद्धतीने चालतात. सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीने पास्टरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीच्या कार्यकारी समितीचा ठराव करून डायोसिसकडे (त्यांच्या धर्मप्रांताकडे) पाठवायचा. इतर मंडळ्यांत पंच आणि मंडळी मिळून पाळकाला बोलावतात, पण घटनेत काय लिहिलंय ते आधी वाचा. घटना ट्रस्टच्या फाइलीत असते, ट्रस्टची फाइल जुन्या सेक्रेटरीच्या घरी असते, आणि जुना सेक्रेटरी सुरतला मुलाकडे असतो. ती फाइल आणणं हेच पहिलं काम.

पाळक बोलावताना सगळे त्याचं भाषण ऐकतात, त्याचा लग्नाचा परवाना कोणी बघत नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ च्या कलम ५ प्रमाणे बिशपकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावू शकतो, म्हणून सी.एन.आय. आणि कॅथलिकांचं इथे अडत नाही. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला मात्र राज्य सरकारचा परवाना लागतो आणि तो राजपत्रात प्रसिद्ध होतो. परवाना त्या माणसाला मिळतो, चर्चला नाही. जुने पाळक गेले की त्यांचा परवानाही त्यांच्याबरोबर गेला. नव्या पाळकांकडे नसेल तर तो मिळेपर्यंत त्यांच्या हातून लग्न लावू नका. विनापरवाना लग्न लावल्यास कलम ६८ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. मुंबईहून उत्तर यायला उशीर लागतो, आणि कोणत्या टेबलावर फाइल आहे हे कोणी सांगत नाही. म्हणून पाळक येण्याआधीच अर्ज करायला लावा आणि तोवर परवाना असलेला दुसरा पाळक ठरवून ठेवा.

दुसरी चूक तारखेची. मंडळीचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असेल आणि पाळक पदामुळे विश्वस्त असेल, तर पाळक बदलला म्हणजे विश्वस्त बदलला. कलम २२ प्रमाणे त्याचा बदल अहवाल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. हे ९० दिवस बदल झाला त्या तारखेपासून मोजायचे. नवे पाळक सामान घेऊन आले तो दिवस नाही, स्वागत समारंभ झाला तो दिवस तर नाहीच. जुने पाळक मार्चमध्ये गेले आणि नवे जुलैत आले तर जाण्याचा बदल आधीच मुदतीबाहेर गेलेला असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज कारणासह द्या. गप्प बसू नका, कारण पुढे बँक खात्यावर सही कोणाची हा प्रश्न येतो आणि खातं अडकतं.

वेळ कोणती साधायची

बहुतेक धर्मप्रांतांत बदल्या उन्हाळ्यात, शाळा सुरू होण्याच्या आधी होतात. पत्र उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) सुरू होण्याआधी पोचलं तर ते विचारात घ्यायला वेळ राहतो. मे महिन्यात पाठवलेलं पत्र पुढच्या वर्षासाठी असतं, मग दर आठवड्याला फोन करून 'साहेब, आमचं काय झालं' विचारण्यात अर्थ नाही.

एक मुदत मात्र खरोखर कडक आहे. बिशपांनी तुमचं धर्मग्राम बंद करण्याचा किंवा दुसऱ्यात विलीन करण्याचा आदेश काढला आणि तो तुम्हाला मान्य नसेल, तर फेरविचाराची विनंती आधी त्याच बिशपांकडे, आदेश कळल्यापासून दहा दिवसांत लेखी द्यायची असते (कॅनन १७३४). रोमला नाही, दिल्लीला नाही, वर्तमानपत्रात तर नाहीच. लोक सभा घेतात, समिती नेमतात, निषेधाचा ठराव लिहितात, आणि तेवढ्यात दहा दिवस संपतात. आधी पत्र द्या, पोच घ्या, सभा नंतर घ्या.

नवे फादर किंवा पाळक आले की पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी बसून यादी करा: नोंदवह्या किती, कुठल्या सालापासूनच्या, पवित्र भांडी, बाकं, साउंड सिस्टिम, बँकेतली शिल्लक, जमिनीचे उतारे. कॅथलिक धर्मग्रामात मधल्या प्रशासकाने हिशेब देणं बंधनकारकच आहे. यादीवर तारीख आणि सह्या घ्या, एक प्रत केंद्रात आणि एक गावात ठेवा, आणि गावातली प्रत कोणा एकाच्या घरी नको.